केका आणि कोलाहल

इ. स. १८८२ च्या सप्टेंबर महिन्यात, १९ तारखेस, मुंबई बंदरात मुक्तिफौजेचे चार प्रचारक उतरले. त्यांचा नायक फ्रेडरिक टकर हा पूर्वाश्रमीचा सिव्हिल सर्व्हंट. सरकारी नोकरीवर पाणी सोडून त्याने देशी वेष पत्करला आणि फकीरसिंग असे देशी नावही घेतले. ही मंडळी वाद्ये वाजवीत व पदे म्हणत मुंबईच्या रस्त्यांतून निघाली, तोच पोलिसांनी त्यांस अडविले. पुढे खटले झाले, दंड झाले, टकरला कारावासही घडला. कलकत्त्याहून केशवचंद्र सेन यांच्यासारख्या ब्राह्म पुढाऱ्याने या ख्रिस्ती मिरवणुकवाल्यांची बाजू घ्यावी आणि ख्रिस्ती सरकारने त्यांस तुरुंगात घालावे, हा योग मौजेचा खरा. सरकारचे म्हणणे दंग्याचे भय आहे असे होते. परंतु गोऱ्या साहेबाने देशी कपडे घालून रस्त्यात वाद्ये वाजवीत फिरावे, यात राज्यकर्त्या जातीची इभ्रत जाते ही बोचही त्यामागे होती. देवाचे नाव इतक्या मोठ्याने आणि इतक्या हलक्या चालीवर घ्यावे काय, हा प्रश्न मात्र सरकारी नव्हता. तो विलायतेतील सभ्य ख्रिस्ती माणसे याच फौजेला आधीपासून विचारीत होती, कारण ही फौज नाटकशाळांतील व दारूच्या गुत्त्यांतील चाली उचलून त्यांवर येशूची पदे बसवीत असे. सगळ्या चांगल्या चाली सैतानाच्या वाट्याला का जाव्यात, असा त्यांचा उलट सवाल असे. हा सवाल त्यांच्याही पूर्वीचा आहे. रोलंड हिल नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावावर तो सांगितला जातो.

हा जुना प्रश्न आम्ही आज उकरून काढण्याचे कारण पन्हाळ्यावर घडले. गेल्या पावसाळ्यात चार दिवस गडावर मुक्काम होता. आषाढात पन्हाळ्यावर धुके असे दाटते की तीन दरवाजाच्या कमानीतून पलीकडचा माणूस दिसू नये, आणि अंबरखान्याच्या भिंती पाण्याने काळ्याभोर होऊन जातात. बाहेर पडता येईना, म्हणून आमचे एक ख्रिस्ती स्नेही, पेशाने निवृत्त शिक्षक, यांच्या बिऱ्हाडी दोन संध्याकाळी बसणे झाले. त्यांच्या पुतण्याने आम्हांस ‘हेवी मेटल’ नावाचे पाश्चात्त्य संगीत ऐकविले, आणि तेही ख्रिस्ती हेवी मेटल. हे दोन शब्द एकत्र ऐकताच आमच्या कपाळास आठी पडली, हे सांगावयास संकोच कशाला? भजन आणि भूकंप यांचा समास कोणी केला तर जसे वाटेल, तसे वाटले. तथापि ऐकल्यावाचून मत देणे हा टीकाकाराचा धर्म नव्हे. म्हणून आम्ही ऐकले, पुन्हा ऐकले, आणि नंतर त्याचा इतिहासही पाहिला.

हे संगीत कारखान्यात जन्मले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या लोखंडाच्या शहरी टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारीच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने वितळविलेल्या प्लास्टिकची टोपणे करून बोटांवर बसविली, आणि पुढे तारांचा ताण सहन व्हावा म्हणून त्या ढिल्या करून वाजवू लागला. तार ढिली झाली की स्वर उतरतो. त्या उतरलेल्या, जड, घोगऱ्या नादाचा या संगीताच्या घडणीत मोठा वाटा आहे. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मेळ्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० च्या फेब्रुवारीत निघाली. तिच्या पहिल्याच गीताचा सारा डोलारा षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या अंतरावर उभा आहे. युरोपातील जुन्या संगीतशास्त्र्यांनी या अंतरास ‘संगीतातील सैतान’ असे लॅटिन नाव दिले होते. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही कथा मागाहूनची आहे व तिला आधार नाही. पण नाव मात्र खरे आहे.

येथे आमच्यासारख्या श्रोत्याची मोठी गंमत होते. षड्जापुढे लागलेला तीव्र मध्यम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो तो यमनात. दिवेलागणीच्या वेळी तानपुरा जुळवून कोणी यमनाचा आलाप सुरू करावा, आणि गंधारावरून तीव्र मध्यमास स्पर्श होताच घरात जणू आणखी एक समई पेटावी, असा आमचा अनुभव. त्या स्वरात सैतान आहे असे कोणी सांगितले तर आम्ही त्यास वैद्याकडे पाठवू. इतकेच नव्हे, तर या संगीतातील गिटारीचा जो मुख्य ठोका, ज्याला ते लोक ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात, तो तपासून पाहिला तेव्हा आढळले की त्यात दोनच स्वर असतात, षड्ज आणि पंचम. गंधार गाळलेला असतो. कारण असे की विजेच्या योगाने नाद मुद्दाम खरखरीत केला म्हणजे गंधाराची त्यात गिजबिज होते, पंचम मात्र तगून राहतो. षड्ज आणि पंचम! म्हणजे आमच्या तानपुऱ्याचाच जोड. गिटारीचा तो गडगडाट म्हणजे खवळलेला तानपुरा होय, असे आम्ही त्या तरुणास म्हणालो, तेव्हा तो हसला. पण आम्ही थट्टा करीत नव्हतो.

एवढ्यावरून कोणी असे अनुमान काढील की स्वरात पाप-पुण्य काहीच नाही, सबब कोणत्याही चालीवर कोणताही धर्म बसवावा. हा युक्तिवाद मुक्तिफौजेपासून आजपर्यंत चालत आला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. स्वरास स्वभावतः धर्म नसेल, पण संगतीने त्याला अर्थ येतो, आणि संगतीने आलेला अर्थ खोटा नसतो. शहनाईच्या सुरात लग्न नाही, परंतु शहनाई ऐकताच आम्हांस मांडव दिसतो. हलगीच्या कडकडाटात कुस्ती नाही, परंतु कोल्हापूरच्या माणसाला हलगी वाजताच खासबागेतील मातीचा वास येतो. तेव्हा ज्या संगीताने आपल्या जन्मापासून काळोख, भीती, बंड आणि चेटूक यांची संगत धरली, ते उचलून त्यावर तारणाचा निरोप बसविला तर ऐकणाराच्या कानात कोणता अर्थ पोहोचतो? शब्दांचा की नादाचा? आमची शंका ही होती. मोठ्या आवाजाची तक्रार आम्ही केली नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हाचा गजर ज्याने ऐकला आहे, त्याने भक्ती हळू आवाजातच असावी असे म्हणणे हा ढोंगीपणा होईल.

या शंकेचे उत्तर त्या संगीताच्या इतिहासात सहजी मिळत नाही, कारण तो इतिहासच वाकडातिकडा आहे. ख्रिस्तावरील श्रद्धेची उघड बाजू घेणारे या पद्धतीचे एक अगदी आरंभीचे गीत कोणी धर्मप्रचारकाने केलेले नसून ते त्याच ब्लॅक सॅबथचे, १९७१ सालचे आहे. गीतकार कॅथलिक घरात वाढलेला होता. १९७२ मध्ये अमेरिकेत लॅरी नॉर्मन याने रोलंड हिलच्या नावावरील तो सवालच गीताचे शीर्षक म्हणून घेतला. त्याच साली ‘रेझरेक्शन बँड’ उभा राहिला. मग १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्ट्रायपर’ आले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे, बायकी वाटावे असे लांब केस, आणि रंगमंचावरून श्रोत्यांत भिरकावलेल्या नव्या कराराच्या प्रती! ते पट्टे म्हणजे यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील फटक्यांचे वळ, ज्यांच्या योगे रोग बरे होतात असे तो म्हणतो. त्यांची १९८६ ची ध्वनिमुद्रिका एकट्या अमेरिकेत दहा लाखांवर खपली. लगेच दोन्हीकडून दगड आले. जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध धर्मोपदेशकाने १९८७ मध्ये पुस्तक लिहून असल्या संगीतास मेंढराच्या कातड्यातील लांडगा ठरविले. आणि हेवी मेटलचे जुने भक्त म्हणू लागले की ज्यात बंड नाही, उलट शरणागती आहे, ते आमचे संगीतच नव्हे.

देवळातून हाकललेला आणि तमाशातूनही हाकललेला असा हा गवई पाहून आम्हांस आमच्याच प्रांतातील एका परंपरेची आठवण झाली. तिचाही हाच छळ झाला होता, म्हणून तिजकडे वळणे अवश्य आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या अशा की मराठी भाषेच्या प्रेमाविषयी आजही त्याचे नाव घेतले जाते. या ग्रंथाची प्रशंसा करणारे बहुधा एक गोष्ट झटकन ओलांडून जातात. ग्रंथारंभीच एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीबाबास विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्जिली, मग त्यांच्या ठिकाणी वाचावयास दुसरे काही द्याल की नाही? या एका प्रश्नात सारा प्रकार आला आहे. लोकांच्या ओठांवरची ओवी आधी काढून घेतली, आणि मग तीच ओवी नवा मजकूर भरून परत दिली. स्टीफन्सचे कवित्व खरे, त्याचे भाषेवरील प्रेम खरे, परंतु या देण्यामागे जे घेणे होते तेही खरे. पुढे १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढून ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील देशी गाणी आणि चालीरीती यांवर बंदी घातली. लोकांची ओवी आपल्या पुराणासाठी चालली, त्यांच्या लग्नघरात मात्र चालेना.

अमेरिकन मिशनऱ्यांची कथा निराळी. त्यांनी काही काढून घेतले नाही. त्यांनी आपले आणले. पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवून उपासनेत गाण्याचा प्रघात त्यांनी पाडला, आणि त्यात भाषेची जी ओढाताण झाली ती ज्याने असले गीत ऐकले असेल त्यास सांगणे नको. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य लघुगुरूंच्या मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर. एकाचा अंगरखा दुसऱ्यास घातला की बाही गुडघ्यापर्यंत येते. ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागते, दीर्घ अक्षर गिळावे लागते, आणि देवाची स्तुती करणारा परभाषेत रडल्यासारखा ऐकू येतो. कोल्हापुरास १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर आला, त्याच्या नावाचे चर्च शहरात आहे, आणि प्रेस्बिटेरियन मिशनचे एक ठाणे खुद्द पन्हाळ्यावरही होते. या डोंगरी हवेत, जेथे शाहिरांनी सिद्दी जौहरचा वेढा डफावर गायिला, तेथे मिशनऱ्यांच्या बाजाची पेटीही वाजली असेल. दोहोंची गाठ पडली असती तर काय झाले असते, हा विचार आम्हांस गमतीचा वाटतो.

अशी गाठ नगरास पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती आख्यानांसाठी वापरण्यास आरंभ केला. साकी, दिंडी, ओवी, अभंग, मृदंग, झांज, सारे तेच. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे. आणि दोन्हीकडून दगड आलेच! कित्येक साहेबांस यात हरदासी थाटाचा, म्हणजे पर्यायाने मूर्तिपूजेचा वास येई. आणि कित्येक हिंदू श्रोत्यांस हे नारदाच्या गादीवर परक्याने बसणे वाटे, मासा पकडण्याचा गळ वाटे. दोन्ही आक्षेप आम्हांस आजही सर्वस्वी पोकळ वाटत नाहीत. गळ कोठे होता आणि गाणे कोठे होते, हे प्रत्येक कीर्तनकारागणिक निराळे ठरवावे लागेल.

परंतु नारायण वामन टिळकांपाशी आले की हा आक्षेप गळून पडतो. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, आणि त्याने शेकडो भजने लिहिली, ती मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आजही आहेत. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे ते सांगत. टिळकांनी अभंग उसना घेतला नव्हता. तो त्यांच्या रक्तात होता, आणि धर्म बदलला म्हणून तो गेला नाही इतकेच. मनुष्य देव बदलू शकतो, पण ज्या भाषेत तो पहिल्यांदा रडला ती भाषा बदलू शकत नाही. लक्ष्मीबाईंनीही पुढे कीर्तने केली.

आता हाच गज त्या अमेरिकन मेळ्यांस लावून पाहू. जो प्रचारक स्वतः चर्चमधील पेटीवर वाढला आणि पोरांना फशी पाडण्यासाठी गिटार हाती घेतो, तो गळवाला. त्याचे संगीत कानास लगेच कळते, कारण त्यात वाद्ये आज्ञाधारक असतात आणि शब्द शाळामास्तराप्रमाणे पुढे उभे असतात. पण स्ट्रायपरची मंडळी हॉलीवुडच्या रात्रीच्या नाचघरांत वाजवून तयार झालेली. हा गडगडाट त्यांची मातृभाषा होती. त्या अर्थाने ती मिशनच्या गीतपुस्तकापेक्षा टिळकांच्या भजनांस जवळची ठरतात, हे आम्हांस कबूल करणे भाग आहे. त्यांच्यावर आमचा आक्षेप उरतो तो निराळाच: ते फार गोड आहेत! तीन-तीन गळे एकत्र येऊन तारस्वरात जो खडीसाखरेचा पाऊस पाडतात, त्याने त्या जड नादाचे प्रयोजनच संपते. वीज कडाडावी आणि तिच्यातून बत्तासे पडावेत, तसे.

दुसऱ्या संध्याकाळी ऐकलेल्या एका मेळ्याने मात्र आम्हांस सावरून बसविले. शिकागोजवळच्या ‘ट्रबल’ या मंडळींची १९८४ ची ध्वनिमुद्रिका. ती विकणाऱ्यांनी ‘श्वेत मेटल’ असे लेबल तिजवर चिकटविले होते, ते त्या मंडळींस रुचले नव्हते, आणि न रुचणेच योग्य. कारण या संगीतात पांढरे काही नाही. चाल संथ आहे, ओझे ओढणाऱ्या बैलासारखी. गाणारा आर्जव करीत नाही, आमंत्रण देत नाही. तो भ्यालेला आहे. पापाचे, मरणाचे, न्यायाच्या दिवसाचे भय त्याच्या गळ्यात आहे, आणि त्या भयास खाली तो खवळलेला षड्ज-पंचम आधार देतो. येथे शब्द आणि नाद भांडत नाहीत. यहुद्यांच्या स्तोत्रसंहितेत कितीएक स्तोत्रे अशीच आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते, पुढे दिलासा नाही. सभ्य उपासनेतील पेटीच्या मंजुळ सुरावर ही स्तोत्रे कोणी म्हणावीत तरी कशी? या लोकांनी त्यांच्यासाठी योग्य वाद्य शोधले, असे आमचे मत झाले. निमंत्रणासाठी हे संगीत खोटे आहे, आकांतासाठी खरे आहे. आनंदाचे शुभवर्तमान सांगण्यास त्याची आम्हांस आजही गरज वाटत नाही.

आकांतास आपल्याकडे जागा आहे आणि ती मोठी सन्मानाची आहे. तुकोबा देवाशी भांडतात, त्यास दिवाळखोर म्हणण्यापर्यंत मजल मारतात. पण येथे आम्हांस अधिक आठवण होते ती याच गडाच्या सुपुत्राची. मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले, येथेच पाध्ये बंधूंपाशी शिकले, आणि मग बारामतीस जाऊन १७९४ पर्यंत आर्यांचा पर्वत रचीत राहिले. हरदासांचे ते अन्नदातेच. त्यांच्या आर्यांवाचून कीर्तन रंगत नसे. या विद्वान, यमकप्रिय, शिस्तीच्या कवीने उतारवयात देवाची जी करुणा भाकली, तिचे नाव त्याने ‘केकावली’ ठेविले. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत म्हणजे मयूर, म्हणून हा श्लेष. श्लेषाची वाहवा सर्वांनी केली. पण मोराचा आवाज ज्याने पन्हाळ्याच्या दरीत पावसापूर्वी ऐकला आहे त्यास ठाऊक आहे की तो मधुर नव्हे. कोकिळा सोडून कवीने हा पक्षी घेतला तो केवळ नावाच्या सोयीसाठी, असे आम्हांस वाटत नाही. ज्याने आयुष्यभर पृथ्वी, आर्या आणि अनुप्रास यांची कसरत केली, त्यास शेवटी आपली प्रार्थना कर्कश वाटली, आणि मेघाने ती तशीच ऐकावी अशी त्याची अपेक्षा होती. वृत्त मात्र त्याने कोठे ढळू दिले नाही. पृथ्वीच्या सतरा अक्षरांत तो टाहो चपखल बसविला आहे, आणि हेच आम्ही त्या तरुणास पुन्हा पुन्हा सांगत होतो: आरडाओरड आणि टाहो यांत फरक आहे तो वजनाचा.

फिनलंडात २००६ पासून तेथील लूथरपंथीय चर्चमध्ये ‘मेटल उपासना’ होऊ लागल्या. तेथे नवी गीते न करता उपासनेतील जुनीच स्तोत्रे या गडगडाटात गातात. त्या तरुणाने हे सांगून आम्हांस विचारले की टिळकांची भजने कोणी अशी वाजविली तर? आम्ही म्हणालो की अवश्य वाजवावीत, ऐकावयास येऊ, कानात कापसाचे बोळे घालून येऊ. परंतु अभंगाच्या चौथ्या चरणाची अक्षरे आधी मोजून ठेवावीत, कारण तेथे एकही अक्षर ओढले गेले तर सर्वांत मोठा ओरडा आमचा असेल. त्याने लगेच टेबलावर बोटांनी ताल धरून मोजावयास सुरुवात केली.